चौकातले करडे ठिपके : हर्मन जाळीची पार्श्वभूमी

पांढऱ्या कागदावर २० मिलिमीटर बाजूचे काळे चौरस पाच रांगांत पाच-पाच काढा आणि दोन चौरसांमध्ये ५ मिलिमीटरची गल्ली मोकळी सोडा. कागद हातभर अंतरावर धरला की गल्ल्या जिथे एकमेकींना छेदतात त्या चौकांत करडे ठिपके दिसू लागतात. एखाद्या चौकाकडे रोखून पाहिलं, की नेमका तिथलाच ठिपका नाहीसा होतो. काळा रंग फिका असेल तर परिणामही फिका पडतो, म्हणून पेन्सिलीने भरलेले चौरस सहसा निराशा करतात.

हा भ्रम हाती लागला तो एका पुस्तकाच्या पानावर. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ लुडिमार हर्मन हे भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांचं ध्वनीवरचं पुस्तक वाचत होते. त्यात कंप पावणाऱ्या पत्र्यांवर वाळूच्या उमटणाऱ्या आकृत्या गडद चौकोनांत, ओळीने छापल्या होत्या. मधल्या पांढऱ्या पट्ट्यांच्या छेदांवर हर्मन यांना करडे डाग दिसले आणि १८७० मध्ये त्यांनी त्यावर टिपण छापलं. तो काळच अशा आकृत्यांचा होता. योहान त्सोल्नर यांच्या तिरप्या भासणाऱ्या समांतर रेषा १८६० च्या. हर्मन यांनी याला उजेड-अंधाराच्या तफावतीचा परिणाम म्हटलं : पांढरं जितकं काळ्याने वेढलेलं, तितकं ते अधिक उजळ भासतं. चौकाभोवती काळं कमी, म्हणून तो मळकट दिसतो.

याला पेशींचा आधार मिळायला ऐंशीहून अधिक वर्षं गेली. १९५३ मध्ये स्टीफन कफलर यांनी मांजराच्या दृष्टिपटलातल्या चेतापेशींच्या नोंदी घेऊन दाखवलं, की एकेक पेशी एका छोट्या गोल भागातला, म्हणजे तिच्या क्षेत्रातला, प्रकाश टिपते. या क्षेत्राच्या मध्यावर उजेड पडला की काही पेशी चेततात, आणि कडेच्या वलयावर पडला की दबतात. १९६० मध्ये गुंटर बाउमगार्टनर यांनी ही कल्पना जाळीला लावली. पेशीचा मध्य चौकात असेल तर वलयावर चारही गल्ल्यांचा उजेड पडतो. गल्लीच्या मधोमध असेल तर फक्त दोन बाजूंनी. म्हणून चौकातली पेशी जास्त दबते आणि तिथे करडं दिसतं. रोखून पाहताना ठिपका का जातो, याचंही उत्तर यात होतं : नजरेच्या केंद्रातली क्षेत्रं इतकी लहान असतात, की मध्य आणि वलय दोन्ही गल्लीच्या रुंदीतच मावतात. बाउमगार्टनर यांनी तर जाळीची मोजपट्टीच केली. कोणत्या मापाच्या गल्लीत ठिपका ठळक दिसतो, यावरून माणसाच्या डोळ्यातल्या क्षेत्रांचा आकार काढायचा. चतुराईची गोष्ट होती, आणि पाठ्यपुस्तकांनी हे स्पष्टीकरण उचललं.

अडचणी मात्र आकृतीतच दडलेल्या होत्या. कागद ४५ अंशांनी फिरवला की ठिपके फिके पडतात. गोल क्षेत्राच्या पेशीला दिशेशी काही देणंघेणं नसायला हवं! शिवाय गल्लीची रुंदी बरीच बदलली तरी ठिपके टिकतात. पीटर शिलर आणि क्रिस्टीना कार्वे यांनी २००५ मध्ये हे आक्षेप एकत्र मांडून कारण दृष्टिपटलात नाही, तर दिशा ओळखणाऱ्या मेंदूच्या पेशींत शोधायला हवं, असं सुचवलं. सगळ्यात साधा घाव यानोश गाइयर आणि सहकाऱ्यांचा, २००८ मधला. त्यांनी गल्ल्यांच्या कडा किंचित नागमोडी केल्या. चौकाभोवतीचं काळं-पांढरं जवळपास तेवढंच राहिलं, पण ठिपके गेले. वरच्या जाळीत चौरसांच्या बाजूंना हलका बाक देऊन हे घरी पडताळता येतं. जुनं स्पष्टीकरण अजूनही अनेक ठिकाणी शंका न घेता छापलं जातं, ते मात्र खटकतं.

मधल्या काळात जाळीची भावंडंही आली. काळ्या पार्श्वभूमीवर करड्या पट्ट्या आणि चौकांत पांढऱ्या टिकल्या काढल्या, की नजर फिरताना टिकल्यांत काळे ठिपके लुकलुकतात. एल्के लिंगेलबाख यांच्या या आकृतीचा अभ्यास १९९७ मध्ये छापला गेला. टिकलीचा व्यास पट्टीच्या रुंदीच्या सुमारे १.४ पट ठेवला तर ती उत्तम साधते. एकच चौक काढला तर काही होत नाही, निदान तीन गुणिले तीन हवेत. जाक निनिओ आणि केंट स्टीव्हन्स यांच्या २००० मधल्या आकृतीत भ्रम उलटा होतो. करड्या जाळीवर बारा काळे ठिपके खरोखर काढलेले असतात, तरी एका वेळी त्यांतले मोजकेच दिसतात.