व्हिलन कोण ठेवू, मामा?

भाची अकरावीत आहे आणि सध्या थ्रिलर लिहितेय, वहीत वगैरे नाही, फोनच्या नोट्समध्ये, क्लासहून घरी येताना सिटीबसमध्ये बसून. स्टोरी अशी की नाशिकमधली चार पोरं एका ऑनलाइन डेअर गेममध्ये अडकतात, पहिला टास्क एकदम फालतू, सीबीएस स्टँडवर उभं राहून मोठ्याने पाढे म्हणायचे आणि व्हिडिओ टाकायचा, मग टास्क चढत जातात, आणि शेवटचा सीन गोदाघाटावर, पूर आलाय, रात्र आहे आणि हजारो लोक लाइव्ह बघतायत. रविवारी मिसळ खाताना म्हणाली, "मामा, सगळं जमलंय, फक्त व्हिलन जमत नाहीये. रशियातला हॅकर ठेवू का?"

मी म्हटलं रशियातला नको, तो होऊन गेला.

२०१७ आठवत असेल तुम्हाला. ब्लू व्हेल, पोरांना एकामागून एक टास्क देऊन शेवटी जीव द्यायला लावतो म्हणून बोभाटा झालेला ऑनलाइन गेम. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने गूगल, फेसबुक, व्हॉट्सॲप ह्या सगळ्यांना त्या गेमच्या लिंका काढून टाका म्हणून सांगितलं, शाळांमध्ये पालकांच्या मीटिंगा झाल्या, फॅमिली ग्रुपवर दिवसाला दहा फॉरवर्ड. आणि मग जानेवारी २०१८ मध्ये सरकारनेच लोकसभेत सांगितलं की चौकशी समितीला एकाही केसमध्ये ह्या गेमचा हात असल्याचं सिद्ध करता आलं नाही. म्हणजे रशियात एका तरुणाला २०१७ मध्ये शिक्षा झाली होती, तेव्हा सगळंच हवेतलं होतं असं नाही, पण आपल्याकडे जे घबराटीचं वारं आलं ते गेमपेक्षा गेमच्या बातमीचं जास्त होतं. पुढे तसंच 'मोमो चॅलेंज' आलं, त्याचं तर विचारूच नका, त्यातला तो भयानक चेहरा म्हणजे जपानमधल्या एका कलाकाराने प्रदर्शनासाठी केलेलं शिल्प होतं, त्याचा फोटो कुणीतरी उचलला आणि जगभर आयाबापांची झोप उडवली. (मनाने खरंच खचलेलं पोर हा वेगळा आणि गंभीर विषय आहे, त्यासाठी टेलि-मानस ह्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकटचा नंबर चोवीस तास चालू असतो, तो सेव्ह करून ठेवा.)

तर अंधारात बसून पोरांना नाचवणारा मास्टरमाइंड हा सिनेमाला बरा. विज्ञानाला जो सापडलाय तो व्हिलन वेगळाच आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपण धरून चालतो की ह्या वयातल्या पोरांना धोका कळत नाही. कळतो! संशोधनात उलटच दिसलंय, बऱ्याच गोष्टींत टीनएजर धोका मोठ्यांपेक्षाही जास्त धरतात. ॲबिगेल बेअर्ड नावाच्या संशोधिकेने लोकांना विचित्र प्रश्न विचारले होते, शार्क माशांबरोबर पोहणं ही चांगली आयडिया आहे का, केसांना आग लावणं चांगली आयडिया आहे का. उत्तर सगळ्यांचं नाहीच, पण टीनएजर मुलांना ते द्यायला मोठ्यांपेक्षा थोडा जास्त वेळ लागला. मोठा माणूस ऐकताक्षणी "हॅट्" म्हणतो, पोरं बहुधा विचार करून नाही म्हणतात. म्हणजे हिशोब चालू असतो. प्रश्न असा आहे की त्या हिशोबात दुसऱ्या बाजूला काय काय जमा होतं.

२००५ चा एक प्रयोग आहे, मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग ह्यांचा, ३०६ माणसं घेऊन केलेला. गाडी चालवायचा कॉम्प्युटर गेम, सिग्नल पिवळा झालाय, जितकं पुढे जाल तितके पॉइंट, पण कुठल्याही क्षणी लाल होणार आणि समोर भिंत येणार, आपटलात तर पॉइंट गेले. थोडक्यात द्वारका सर्कलला आपण रोज खेळतो तोच गेम. काहींनी तो एकट्याने खेळला, काहींनी दोन मित्र शेजारी उभे असताना. २४ वर्षांच्या पुढच्यांना मित्र असले काय नि नसले काय, फरक शून्य. १८ ते २२ वाले मित्रांसमोर साधारण दीडपट धोका घ्यायला लागले. आणि १३ ते १६ ची पोरं जवळजवळ दुप्पट! गेम तोच, पोरं त्याच वयाची, फक्त बघायला दोन जण.

मग २०११ मध्ये स्टाइनबर्ग आणि त्यांच्या टीमने फिलाडेल्फियातल्या टेंपल युनिव्हर्सिटीत तसाच गेम मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून खेळायला लावला. इथे मित्र शेजारीही नाहीत, दुसऱ्या खोलीत, स्क्रीनवरून बघतायत एवढंच खेळणाऱ्याला माहीत. (पटलं ना, हे जवळजवळ लाइव्ह स्ट्रीमच झालं.) मित्र बघतायत म्हटल्यावर टीनएजर मुलांच्या मेंदूतला व्हेंट्रल स्ट्रायटम नावाचा भाग, जो बक्षिसाची, मजेची किंमत लावतो, जास्त पेटला. आवर घालणारा कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, त्याच्या कामात मात्र मित्र असण्या-नसण्याने फरक दिसला नाही. मला ह्यातली हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते. ब्रेक फेल होत नाही, ॲक्सिलरेटर जास्त पिळला जातो. आणि ते ब्रेक तसेही पंचविशीपर्यंत पूर्ण बसलेले नसतातच.

आता इथे मला आमच्या वाड्यातला एक पोरगा आठवतो.

आम्ही पंचवटीतले. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटावर जायचं आणि दुतोंड्या मारुती बघायचा, पाणी गुडघ्याला आहे की कमरेला की छातीला, नाशिककरांची पूर मोजायची पट्टी तीच. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास २ लाख ८३ हजार लिटर पाणी, हे गणित तेव्हा येत नव्हतं पण पाण्याचा आवाज ऐकून पोटात गोळा यायचा तो यायचाच. ह्या पोराने अशाच एका पुराच्या दिवशी संध्याकाळी पुलावरून उडी मारली. खाली पायऱ्या कुठे आहेत, भोवरा कुठे पडतो, त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहिती होतं. मला दिसतोय तो अजून, बनियन काढून कठड्यावर चढला आणि उडी मारायच्या आधी त्याने पाण्याकडे नाही, आमच्याकडे बघितलं. थेट टाळकुटेश्वराच्या देवळापाशी निघाला, अंग सगळं सोलवटलेलं, नशीब म्हणून निघाला. नंतर तोच सांगायचा की त्याच दिवशी सकाळी सहाला दुधाची किटली घेऊन तो एकटा त्याच पुलावरून गेला होता, पाणी तेवढंच होतं, पण उडीचं डोक्यातसुद्धा आलं नाही.

तेव्हा कठड्यावर बघणारे पंधरा-वीस असतील. आता तो आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात डोळ्यासमोर वाढताना दिसतो. २०१६ मध्ये लॉस एंजलिसला लॉरेन शर्मन आणि सहकाऱ्यांनी १३ ते १८ वयाच्या ३२ मुलांना स्कॅनरमध्ये इन्स्टाग्रामसारखे फोटो दाखवले, लाइकचे आकडे संशोधकांनीच ठरवलेले, पोरांना वाटत होतं दुसऱ्या मुलांनी दिलेत. स्वतःच्या फोटोला भरपूर लाइक दिसले की तोच बक्षिसाचा भाग पेटायचा, आणि दुसऱ्यांच्या फोटोंना लाइक देतानाही जिकडे आकडा मोठा तिकडेच बोट. पण दारू-सिगरेट असलेले धोक्याचे फोटो बघताना आवर घालणाऱ्या भागांची हालचाल कमी झालेली दिसली. छोटा प्रयोग आहे, ३२ पोरांवरून सगळ्या जगाचं बोलू नये, आणि स्कॅनरमधला फोटो म्हणजे खरा पूर नव्हे हेही खरं. तरी दिशा तीच दिसते.

भाचीच्या स्टोरीतले पाढे पण अगदी बरोबर जागेवर आहेत, तिला माहीत नसेल. १९६६ साली कॅलिफोर्नियात फ्रीडमन आणि फ्रेझर ह्या दोघांनी लोकांना विचारलं की गाडी जपून चालवा असा भला मोठा कुरूप बोर्ड तुमच्या अंगणात लावू का. १७ टक्के हो म्हणाले. ज्यांच्याकडे आधी त्याच विषयाची एक चिमुकली पाटी लावून घेतली होती त्यांच्यातले ७६ टक्के हो म्हणाले! बोट दिलं की हात धरतात म्हणतो ना आपण, ते हेच. पहिल्या टास्कला हो म्हटलं की आपण 'हो म्हणणारे' होतो, मग दहाव्याला नाही म्हणायला आधीचे नऊ आडवे येतात. आणि बघणाऱ्यांचं म्हणाल तर नाव-चेहरा लपलेला असला की माणूस किती सुटतो ह्याला जॉन सुलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्येच ऑनलाइन डिसइनहिबिशन असं नाव देऊन ठेवलंय. घाटावर निदान घरी कळायची भीती होती.

एक जरा बरी गोष्ट पण सापडलीय. त्याच स्टाइनबर्गच्या टीमने १८ ते २२ च्या पोरांच्या ग्रुपमध्ये २५ ते ३० वयाचा एकच जण बसवून बघितला. मित्रांसमोर धोका वाढतो तो परिणाम गायबच झाला! म्हणजे बाप नको, मास्तर नको, थोडा मोठा दादा पुरतो. आमच्या वाड्यात असा एक दादा होता, त्या संध्याकाळी नेमका मालेगावला गेला होता.

हे सगळं मी मिसळीवर सांगत बसलो, तर्री गार झाली, आणि भाचीने मध्येच विचारलं, "पण मामा, तो उडी मारत होता तेव्हा तू काय करत होतास?"

मी कठड्यावर बसून ओरडत होतो. मार ना भो, मार! सगळ्यात मोठा आवाज माझाच होता बहुतेक.

ती काही बोलली नाही, फोन काढून टाइप करत बसली. बिल देऊन आलो तर स्क्रीन चालूच होती, व्हिलनपुढचं 'हॅकर' उडवून तिथे 'कठड्यावरचे सगळे' असं लिहिलेलं. मग बाहेर गाडी काढेपर्यंत तिची पुढची शंका तयार, "पण मग शेवटी पोलिस पकडणार कुणाला?"