गोबरगॅस

जनावरांचे शेण हवाबंद टाकीत कुजवून मिळणारा ज्वलनशील वायू. त्यात मिथेन सु. ५५–६५% व कार्बन डाय-ऑक्साइड ३०–४०% असून बाष्प व हायड्रोजन सल्फाइड अल्प असतात. खनिज वायूतही मुख्यतः मिथेनच असतो. पण त्यातील कार्बन कोट्यवधी वर्षे भूगर्भात होता, शेणातला मात्र चाऱ्याने अलीकडेच हवेतून घेतलेला असतो. म्हणून हा वायू जाळल्याने हवेत नव्या कार्बनची भर पडत नाही. टाकी गळकी असल्यास हा लाभ उरत नाही, कारण न जळालेला मिथेन कार्बन डाय-ऑक्साइडहून अधिक तापकारक आहे.

इतिहास : भारतातील पहिले संयंत्र मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी वसाहतीत उभारले गेले, असे सामान्यतः मानतात, वाद सालाचा आहे. अनेक ठिकाणी १८५९ हे साल आढळते. ते एकमेकांवरून उतरवले गेले असावे. मुंबईचे पालिका आयुक्त ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने ती वसाहतच १८९० मध्ये सुरू झाली, तेव्हा १८९७ हे साल अधिक ग्राह्य वाटते. शिवाय तेथे कुजविला जाई तो मैला. शेणावरचे पद्धतशीर प्रयोग सु. १९३९ मध्ये एस. व्ही. देसाई यांनी दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेत केले. काल्यावर (शेण-पाण्याच्या मिश्रणावर) उलटा तरंगून गॅस साठवणाऱ्या ड्रमचा आराखडा जशभाई पटेल यांचा (सु. १९५१). शौचालयाला जोडलेले ‘मलप्रभा’ संयंत्र देहूच्या डॉ. मापुसकरांचे.

रसायन : प्रथम सेल्युलोज, प्रथिने इत्यादींचे जलीय विच्छेदन (पाण्याच्या साहाय्याने लहान रेणूंत विघटन) होते, मग त्यांपासून मेदाम्ले व अखेर ॲसेटिक आम्ल, हायड्रोजन व कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतात. मिथेनजनक सूक्ष्मजीव ॲसेटिक आम्लाचा रेणू फोडून मिथेन व कार्बन डाय-ऑक्साइड यांचा एकेक रेणू देतात, सु. ७०% मिथेन याच वाटेने येतो. हे जीव सावकाश वाढतात. म्हणून एकदम जादा शेण किंवा खरकटे घातले की आम्ल साचते, पीएच (आम्लतेचे माप; जितका कमी तितकी आम्लता जास्त) ६.५ च्या खाली उतरतो आणि गॅस बंद पडतो. अशा वेळी भरणा थांबवून चुन्याची निवळी घालतात. टाकीत फिनाइल गेल्यास हे जीवच मरतात.

वापर : रोज दोन घनमीटर गॅस देणाऱ्या संयंत्राला दररोज सु. ५० किग्रॅ. ताजे शेण व तेवढेच पाणी लागते. काला सु. ४० दिवस टाकीत राहतो. नव्या टाकीतला पहिला गॅस हवामिश्रित असल्याने पेटवू नये, सोडून द्यावा. नळीत पाणी साचले की ज्योत फडफडते. ते सखल भागातल्या कॉकमधून काढावे. काल्यावर साय धरली तर ड्रम फिरवावा. सिलिंडरच्या शेगडीचे छिद्र या गॅसला अपुरे पडते.