रोइंग क्लबमध्ये नाव घालण्याआधी

आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण अजून एकदाही बोटीत बसलेले नसतात. क्लबचा फॉर्म भरून थेट इकडे येतात आणि विचारतात, "काय काय घ्यावं लागेल?" आमचा धंदा वल्ही, रिगर (बोटीबाहेरचा वल्हं टेकवायचा सांगाडा) आणि बोटींच्या दुरुस्तीचा. म्हणजे खरं तर लांबलचक यादी हातात ठेवायला हवी. पण खरं उत्तर असं, की सध्या काहीच घेऊ नका. बोट क्लबची, वल्ही क्लबची, पाय टेकवायची फळी, म्हणजे फूटस्ट्रेचर, आणि तिच्यावरचे बूटही बोटीतच बसवलेले असतात.

फक्त कपडे अंगाबरोबर बसणारे हवेत. रोइंगच्या बोटीत सीट चाकांवर पुढेमागे सरकते आणि सैल शर्टाची कड त्या चाकांत जाते. नाहीतर वल्ह्याची मूठ पोटाशी आली की अंगठा शर्टात गुंततो. तेवढ्यात पातं पाण्यात तिरकं घुसतं, वल्हं हातातून हिसकलं जातं आणि बोट हेलकावते. याला क्लबात 'क्रॅब' म्हणतात. पहिल्या महिन्यात तो सगळ्यांनाच लागतो, पण शर्टामुळे लागू नये.

हातमोजे आम्ही विकतो, तरी नवख्यांना देत नाही. तळहाताला फोड येतात ते मूठ आवळून धरल्यामुळे. वल्हं बोटांच्या आकड्यात सैल अडकवायचं असतं, आणि हातमोजा घातला की आपण आवळतोय हेच कळत नाही.

क्लब निवडताना

"मी नवखा म्हणून जाऊ की स्पर्धेसाठी?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. लोकांना वाटतं, हे ताकदीवर ठरतं. आमच्या मते ते वेळापत्रकावर ठरतं. आठ जणांच्या बोटीत एक जण आला नाही, तर उरलेले सात आणि कॉक्स (न वल्हवता बोटीला दिशा आणि हुकूम देणारा) काठावर उभे राहतात. त्यामुळे स्पर्धेच्या गटात घेताना कोच तुमच्या दंडाकडे नंतर बघतो. आठवड्यात किती दिवस, किती वाजता आणि न चुकता याल का, हे आधी विचारतो. हे जमणार नसेल तर स्पष्ट सांगा. बहुतेक क्लबांत हौशी गट असतो आणि त्यात कमीपणा काही नाही.

वर्गणीत काय काय धरलंय ते विचारून घ्या: विमा, संघटनेची नोंदणी, शर्यतीची प्रवेश फी आणि बोटी नेण्याआणण्याचा खर्च. यातलं बरंचसं वेगळं द्यावं लागतं आणि ते हंगामाच्या मध्यात कळलं की कुरबुरी होतात.

पहिले काही आठवडे

बहुतेक ठिकाणी आधी पोहता येतं का ते बघतात. मग एर्गोमीटर, म्हणजे जागेवरचं रोइंग मशीन. त्याच्या चाकाशेजारी 1 ते 10 आकड्यांचा खटका असतो आणि नवखा माणूस तो हमखास 10 वर नेतो. तो खटका चाकात किती हवा शिरेल एवढंच ठरवतो, तुम्ही किती जोर लावताय ते नाही. साधारण 3 ते 5 वर ठेवा, पाठ वाचेल.

जोर पायांचा असतो. आधी पाय रेटायचे, मग कंबरेपासून अंग मागे, शेवटी हात. परत येताना उलटा क्रम: हात, अंग, पाय. बहुतेक जण हातांनी ओढायला सुरुवात करतात आणि दहा मिनिटांत दमतात.

पाण्यावर बहुधा आधी रुंद, स्थिर बोट देतात. दोन्ही हातांत एकेक वल्हं असेल तर ते स्कलिंग, दोन्ही हातांनी मिळून एकच मोठं वल्हं असेल तर स्वीप. दोन्हींत तोंड मागच्या बाजूला असतं. कॉक्स नसेल तर बोमध्ये, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला बसलेल्याने दर थोड्या वेळाने मान वळवून पुढे बघायचं असतं, आणि हे काम कोणी दुसरं करील असं धरून चालू नये.

बोट उलटली तर तिला धरून राहा. काठ जवळ दिसतो म्हणून पोहत निघू नका, विशेषतः पाणी थंड असताना. बोटीच्या दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे असतात, त्यामुळे ती तरंगत राहते. मात्र त्या कप्प्यांची झाकणं निघण्याआधी लावलेली हवीत. ही झाकणं हरवली म्हणून मागायला येणारे इतके आहेत, की आम्ही ती काउंटरवरच ठेवतो.

बोटी फुटतात कुठे

आमच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या बहुतेक बोटी जमिनीवर फुटलेल्या असतात. आठ जणांची बोट सतराएक मीटर लांब. पुढचे डावीकडे वळले की तिचं शेपूट उजवीकडे झोकतं. एका बोटीच्या शेपटाला मुठीएवढं भोक पडून आलं होतं, कारण दारातून बाहेर पडताना पुढच्यांनी वळण जरा लवकर घेतलं. तेव्हा बोट उचलल्यावर फक्त कॉक्सचं ऐकायचं, आपसांत बोलायचं नाही.

तळाखाली फिन, म्हणजे बोट सरळ ठेवणारा छोटा पंख असतो. बोट धक्क्यावरून सोडताना ती काठापासून लांब धरा, नाहीतर तो काठावर आपटतो. वाकड्या फिनची बोट एका बाजूला ओढते आणि दोष वल्हवणाऱ्याला लागतो. बोटीत चढताना पाय ठेवायचा तो दोन रुळांमधल्या पट्टीवरच. शर्यतीच्या एकेरी बोटीचं किमान वजन 14 किलो असतं; एवढ्या हलक्या बोटीचं कवच किती पातळ असेल ते ओळखा.

शर्यतीत उतरायचं असेल तर

'नवखा' या शब्दाची व्याख्या संघटनेगणिक बदलते, म्हणून पहिली शर्यत जिंकण्याआधीच ती वाचा. आंतरराष्ट्रीय शर्यत 2000 मीटरची. मास्टर्स, म्हणजे वयाने मोठ्यांचा गट 27 व्या वर्षापासून सुरू होतो आणि त्याचं अंतर 1000 मीटर. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मात्र जागेअभावी 1500 मीटर आहे. हलक्या वजनाचा गट पॅरिस 2024 नंतर ऑलिंपिकमधून गेला. त्या भरवशावर वजन उतरवत असाल तर आधी कोचशी बोला.

शर्यतीच्या दिवशी पंच दोन गोष्टी हमखास बघतात: बोटीच्या नाकावरचा रबरी चेंडू आणि बुटांच्या टाचांच्या दोऱ्या. बोट उलटली की टाच थोडी उचलली जाऊन पाय बुटातून सुटावा, यासाठी त्या दोऱ्या असतात. तुटलेली दोरी आम्ही उभ्याउभ्या बदलून देतो, पण शर्यतीच्या सकाळी नाही.

स्वतःची वल्ही घ्यावीशी वाटली तर एक हंगाम झाल्यावर या. येताना कोचकडून दोन मापं लिहून आणा: वल्ह्याची पूर्ण लांबी, आणि मुठीच्या टोकापासून कॉलरपर्यंतची (वल्हं रिगरला जिथे टेकतं त्या कड्यापर्यंतची) आतली लांबी. स्कलिंगला ती साधारण 288 आणि 88 सेंटिमीटर असतात, पण 'साधारण' या मापाचं वल्हं आम्ही विकत नाही.