कोरं करकरीत म्हणजे दुर्मीळ नव्हे

घरात माळा साफ झाला की मला फोटो यायला लागतात. ‘पोकेमॉनचं कार्ड सापडलंय, अगदी नवं कोरं, खाली चांदणीपण आहे. लाखभर येतील ना?’ नाही येणार.

चांदणीचं आधी उरकतो. पोकेमॉन या खेळाच्या कार्डांवर खाली एक खूण असते: गोल म्हणजे साधं, चौकट म्हणजे त्याहून जरा कमी मिळणारं, चांदणी म्हणजे रेअर, दुर्मीळ. पण १९९९च्या इंग्रजी बेस सेटमध्ये, म्हणजे पहिल्या संचात, ११ कार्डांच्या प्रत्येक पाकिटात एक चांदणीवालं असायचंच. पाकिटं किती छापली, हे चांदणीला काय ठाऊक?

कार्डाची अवस्था बघताना बघतात ते हे: कोपरे, कडा, पृष्ठभाग, चित्र मधोमध आहे की सरकलंय. पीएसए, एसजीसीसारख्या कंपन्या १ ते १० ग्रेड देतात आणि कार्ड प्लास्टिकच्या डबीत बंद करतात. पुढे जाऊ.

घोळ होतो तो बेरजेत. जुनं आहे त्याचे इतके, स्वच्छ आहे त्याचे वर तितके, असा हिशोब लोक मांडतात. हा हिशोब कुठे चुकतो ते बेसबॉलची दोन कार्डं दाखवतात.

पहिलं होनस वॅग्नर या खेळाडूचं. टी२०६ नावाची कार्डांची मालिका, १९०९ ते १९११, सिगारेटच्या पाकिटातून आलेलं. आज जेमतेम पन्नास-साठ प्रती माहीत आहेत. २०२१ साली १० पैकी फक्त ३ ग्रेडची प्रत ६६ लाख डॉलरला गेली. त्याच वर्षी एक चक्क अर्धी फाटलेली प्रत पावणेपाच लाख डॉलरला विकली गेली. इथे कोपऱ्यांची चौकशी नंतर; कार्ड विकायला येणं हीच मोठी गोष्ट.

दुसरं मिकी मँटल या खेळाडूचं, टॉप्स कंपनीचं, १९५२चं. ग्रेड मिळालेल्या प्रतीच हजारावर आहेत. खिशात पैसे असतील तर कधीही मिळेल. तरी २०२२ साली ९.५ ग्रेडची एक प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. कार्ड दुर्मीळ नव्हतं, तशी प्रत दुर्मीळ होती. त्या काळची पोरं कार्डांना रबर लावायची, खिशात कोंबायची, सायकलच्या आऱ्यांत अडकवायची. जपून ठेवावं असं ते काही आहे, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

१९९०च्या आसपास मात्र सगळ्यांच्याच डोक्यात ते शिरलं. कंपन्यांनी भरमसाट छापलं, गिऱ्हाइकांनी पाकीट फोडल्या फोडल्या कार्डं प्लास्टिकमध्ये सरकवली. पस्तीस वर्षं जुनी आणि कोरी करकरीत अशी ती कार्डं आज खोकी भरभरून पडलीत, बहुतेकांना कुणी विचारत नाही. बाकीच्यांच्या प्रती मळलेल्या असल्या, तरच तुमच्या कोरेपणाला भाव.

म्हणून तुमच्या त्या पोकेमॉन कार्डावरची चांदणी सोडा, चित्राखाली डावीकडे ‘१’चा फर्स्ट एडिशन, म्हणजे पहिल्या छपाईचा, शिक्का आहे का ते बघा. तो नसेल तर कार्ड मागाहून छापलेल्या ढिगातलं. तिथे ९ आणि १० ग्रेडच्या भावातही मोठी दरी असते, आणि ‘तसं चांगलंच आहे हो’ ही काही ग्रेड नाही.

आणि ग्रेड वाढावी म्हणून कार्ड घासायला-कापायला जाऊ नका; कृपा करून खोडरबर, कात्री लांब ठेवा. पीएसएने ग्रेड दिलेलं पहिलंवहिलं कार्ड ८ ग्रेडचं वॅग्नर होतं. त्याच्या कडा कापल्याची कबुली विक्रेता बिल मॅस्ट्रो याने २०१३ साली दिली. कापलं तरी ते वॅग्नरच राहिलं. तुमच्या कार्डाचा मात्र नुसता पुठ्ठा उरेल.