लाळ्या-खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी का?

कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात सांसर्गिक गर्भपाताची लस एकदाच टोचतात, लाळ्या-खुरकूतची मात्र दर सहा महिन्यांनी. 2022 मध्ये रावेर तालुक्यात लम्पी आला, तेव्हापासून खानदेशातले पशुपालक या फरकाबद्दल जास्तच विचारतात. उत्तर पेशींच्या आयुष्यात आहे.

1950 च्या दशकापर्यंत समजूत अशी, की लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणारी पांढरी रक्तपेशी, जेमतेम काही दिवस जगते. छातीतल्या लसिकावाहिनीतून दिवसभरात रक्तातल्या एकूण लिम्फोसाइटच्या कितीतरी पट पेशी रक्तात ओतल्या जातात. मग जुन्या मरतच असणार, असा हिशेब. ऑक्सफर्डच्या जेम्स गोवन्सने उंदरांच्या वाहिनीतल्या पेशी खुणा करून शिरेत परत सोडल्या, तेव्हा त्याच पेशी पुन्हा वाहिनीत आल्या. मरत नव्हत्या, फिरत होत्या! पुढे किरणोत्सारी थायमिडीन, म्हणजे डीएनएचा खूण केलेला घटक, आले. ते फक्त विभागणाऱ्या पेशींत शिरते. कित्येक दिवस देऊनही लसिकाग्रंथींतल्या पुष्कळ पेशी कोऱ्याच राहिल्या, म्हणजे त्या जुन्या होत्या. थायमस या छातीतल्या ग्रंथीत मात्र उलाढाल झपाट्याची.

प्रतिपिंडे (रोगजंतूंना रोखणारी प्रथिने) तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशी किती जगतात, हे कोडे 1997-98 मध्ये सुटले. मानेत लस टोचली की खांद्यापुढची गाठ हाताला फुगलेली लागते. तिथे तयार झालेल्या बहुतेक प्लाझ्मा पेशी थोड्याच दिवसांत मरतात. अस्थिमज्जेत जागा मिळालेल्या पेशी महिनोन्‌महिने टिकतात, हे उंदरांत दिसले.

लाळ्या-खुरकूतची लस मृत विषाणूची, त्यामुळे अशा टिकाऊ पेशी तिच्याने कमीच घडतात. गाईच्या रक्तातली प्रतिपिंडे सुमारे तीन आठवड्यांत निम्मी होतात. नवी भर थांबली तर सहा महिन्यांत आठेक वेळा निम्मी, म्हणजे जवळपास संपलीच. गर्भपाताची लस जिवंत जंतूंची. ती काही आठवडे गाठींत वाढते आणि दीर्घायुषी टी पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) मागे ठेवते.

म्हणूनच लाळ्या-खुरकूतचा वासराला चौथ्या महिन्यात पहिला डोस, महिन्याने बूस्टर. बूस्टर चुकला की रोगजंतूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी थोड्याच उरतात आणि पुढचा डोस जवळपास पहिल्यासारखाच ठरतो. लस 2 ते 8 अंशांतच ठेवावी. जळगावच्या मे महिन्यात पेटीतला बर्फ वितळला की ती तापते. उलट, तेलातली लस बर्फाला चिकटून गोठली की फुटते आणि वाया जाते.