पार्श्वभूमी : आरोपी आपल्यातला असतो तेव्हा

ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकेत कायदा शिकणाऱ्या राया सरकार यांनी फेसबुकवर एक यादी टाकली. लैंगिक छळ केल्याच्या विद्यार्थिनींच्या तक्रारी असलेल्या प्राध्यापकांची नावं तिच्यात होती. कधी, काय केलं याचा तपशील मात्र नव्हता. निवेदिता मेनन यांच्यासह काही ज्येष्ठ स्त्रीवाद्यांनी लगोलग निवेदन काढलं : यादी मागे घ्या, तक्रारी रीतसर संस्थेच्या लैंगिक छळ तक्रार समितीपुढे न्या. तपशिलाशिवाय कुणाचं नाव चव्हाट्यावर आणू नये, हा त्यांचा आक्षेप मला आजही बिनबुडाचा वाटत नाही. पण यादीतली बरीच मंडळी पुरोगामी वर्तुळात उठबस असलेली होती. तरुण दलित-बहुजन मुलींनी नेमकं तिथेच विचारलं : एरवी बाईच्या शब्दावर विश्वास ठेवा म्हणता, मग आपल्यातला कुणी निघाला की समिती कशी आठवते?

ही समिती मुळात आली कुठून, हे पाहिलं की त्या मुलींचा संताप कळतो. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवी कुंभार समाजातल्या, सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातल्या 'साथिन', म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या. गावातल्या एका वरचढ जातीच्या घरातला बालविवाह रोखायला गेल्या, त्याचा राग धरून २२ सप्टेंबर १९९२ रोजी शेतात, नवऱ्यादेखत त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. वैद्यकीय तपासणीला दोन दिवसांहून अधिक वेळ गेला. पोलिसांनी पुरावा म्हणून लेहंगा ठेवून घेतला आणि त्या नवऱ्याचा रक्ताळलेला साफा अंगाभोवती गुंडाळून रात्री ठाण्याबाहेर पडल्या. १९९५ मध्ये कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. वरच्या जातीचा पुरुष खालच्या जातीच्या बाईला असा हात लावणार नाही, हाही त्या निकालातला एक तर्क! महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्यातून कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धची १९९७ ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली आणि २०१३ चा कायदा. आज ऑफिसात, कॉलेजात तक्रार समिती आहे ती भंवरी देवींमुळे. त्यांच्या स्वतःच्या खटल्यातल्या अपिलाची मात्र २००७ पर्यंत एकदाच सुनावणी झाली होती, आणि तोवर दोन आरोपी वारलेही होते.

त्याआधीचा मोठा बदल, बलात्काराच्या कायद्यातली १९८३ ची फौजदारी दुरुस्ती, तीही देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली अत्याचार झालेल्या आदिवासी मुलीच्या, मथुराच्या खटल्यामुळे झाली.

कायदे यांच्या जखमांवर उभे राहिले, गर्दी मात्र सगळ्यांसाठी सारखी जमली नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना ठार मारलं. मायलेकींची विटंबना झाली. बातमी मोठ्या वर्तमानपत्रांत यायला आठवडे लागले. नोव्हेंबरात विदर्भातले दलित रस्त्यावर उतरले तेव्हा लाठ्या खाल्ल्या त्यांनीच, आणि या आंदोलनामागे नक्षलवादी असल्याची चर्चाही सरकारातूनच सुरू झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, पण ना बलात्काराचं कलम लागलं, ना अ‍ॅट्रॉसिटीचं. खैरलांजीनंतर सहा वर्षांनी, १६ डिसेंबर २०१२ च्या निर्भया बलात्कारानंतर दिल्लीत जमलेली गर्दी खरी होती, हवीच होती. बलात्काराचे कायदे सुधारण्यासाठी नेमलेल्या वर्मा समितीने २९ दिवसांत अहवाल दिला. खैरलांजीच्या वेळी यातलं काहीच का झालं नाही, हे विचारणं म्हणजे दिल्लीच्या मुलीचं दुःख कमी लेखणं नव्हे. तेव्हा तसं विचारणाऱ्यांनाच फूट पाडणारे ठरवलं गेलं, याचं मला फार वाईट वाटतं.

मग २०१८ चा ऑक्टोबर आला. 'मी टू' मोहिमेत महिला पत्रकारांनी लैंगिक छळाचे आरोप करत समाजमाध्यमांवर संपादकांची नावं घेतली. 'आधी समितीकडे जा' असं त्यांना ज्येष्ठांचं निवेदन काढून कुणी सुनावलं नाही. आरोप नाकारत माजी संपादक आणि तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर मंत्रिपदावरून पायउतार झाले आणि आरोप करणाऱ्या पत्रकार प्रिया रमानींवर त्यांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या कोर्टाने रमानींना निर्दोष ठरवलं. बाईला आपली तक्रार हव्या त्या व्यासपीठावर, कित्येक दशकांनंतरही मांडता येते, असं त्या निकालात आहे. यादी करणाऱ्या मुली २०१७ मध्ये हेच म्हणत होत्या.