स्किनरच्या गोळ्या संपल्या तेव्हा

उंदराने तरफ दाबली, खाणं पडलं, उंदीर पुन्हा दाबू लागला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरचं काम एवढंच असतं, तर त्यात नवं काही नव्हतं. चांगला परिणाम मिळाला की वागणं पक्कं होतं, हे एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने मांजरांवर आधीच दाखवलं होतं. स्किनरचं वेगळेपण मोजमापात आहे.

जन्म १९०४, पेनसिल्व्हेनियात. इंग्रजी साहित्यात पदवी, लेखक व्हायचा फसलेला बेत, मग हार्वर्डमधून १९३१ साली मानसशास्त्रात डॉक्टरेट. यंत्रं तो स्वतः जुळवायचा. खाणं टाकणारी चकती त्याने अडगळीतल्या लाकडी तबकडीपासून केली होती आणि तिच्या मधला दांडा कापायचा राहिला होता. त्या दांड्याला त्याने दोरा गुंडाळला. चकती फिरली की दोरा सुटायचा, लेखणी थोडी सरकायची आणि खालून कागद एकसारखा पुढे जायचा. उंदीर भराभर दाबत असला की रेघ चढी, थांबला की आडवी. वागण्याचा वेग असा थेट डोळ्यांना दिसू लागला.

खाण्याच्या गोळ्याही तो औषधाच्या गोळ्या वळायच्या यंत्रावर घरगुती पद्धतीने करायचा. एका शनिवारी दुपारी त्याच्या लक्षात आलं, की साठा सोमवारी सकाळी साडेदहापर्यंत संपणार. मग त्याने मिनिटाला एकाच दाबण्याला गोळी द्यायची, बाकीची फुकट जाऊ द्यायची, असं ठरवलं. उंदीर थांबले नाहीत. एकसारख्या वेगाने दाबत राहिले.

यातूनच अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाचा, म्हणजे खंडित प्रबलनाचा अभ्यास उभा राहिला. चार्ल्स फर्स्टरबरोबरचा त्याचा जाडजूड ग्रंथ १९५७चा. ठरावीक संख्येनंतर खाणं दिलं, तर प्राणी खाऊन झाल्यावर जरा रेंगाळतो. संख्या दर वेळी बदलती ठेवली तर रेंगाळणं जवळजवळ संपतं, कारण पुढचाच दाब फळू शकतो. जुगाराचं यंत्र याच हिशेबावर चालतं. खाणं अजिबात बंद केल्यावरही ही सवय उशिरा सुटते. दर वेळी मिळत असेल, तर बंद झाल्याचं चटकन लक्षात येतं ('लक्षात येतं' हे स्किनरला मुळीच चाललं नसतं, तो मनाबद्दल नव्हे, दिसणाऱ्या वागण्याबद्दलच बोलायचा). अधूनमधून मिळणाऱ्याला कोरडे दाब नेहमीचेच.

कबुतराला पेटीच्या भिंतीवरच्या चकतीवर चोच मारायला शिकवताना आधी त्याला भुकेलं ठेवतात. वजन नेहमीच्या साधारण ८० टक्क्यांवर आणतात. मग खाण्याच्या कप्प्याच्या आवाजाची सवय करतात. आवाज होताच ते कप्प्याकडे धावू लागलं, की खरं शिकवणं सुरू. आधी चकतीकडे नुसतं वळलं तरी खाणं, मग जवळ आल्यावरच, मग चोच पुढे केल्यावरच, शेवटी टोचल्यावरच. इथे बहुतेकांचं चुकतं ते वेळेत. खाणं दोन-तीन सेकंद उशिरा आलं, तर तोवर कबुतराने मान फिरवलेली असते आणि पक्कं होतं ते मान फिरवणं. पायऱ्या मोठ्या घेतल्या, तर आधी जमलेलंही विस्कटतं.

१९४८ साली स्किनरने आठ कबुतरांना, ती काहीही करोत वा न करोत, ठरावीक अंतराने खाणं दिलं. सहा जणांना चमत्कारिक सवयी लागल्या. एक तर गोल गोल फिरायचं. योगायोगाने खाण्याआधी जे घडलं तेच पक्कं झालं, अशी ही अंधश्रद्धा, असं त्याचं म्हणणं. पण १९७१ साली स्टॅडन आणि सिमेलहॅग यांनी हाच प्रयोग बारकाईने करून पाहिला. खाण्याची वेळ जवळ आली की कबुतरं बहुतेक टोचायच्याच हालचाली करत होती. बाकीचे चाळे खाण्याची वेळ लांब असतानाचे होते. नुसत्या योगायोगाने एवढा सारखेपणा येत नाही.